पॉवर स्टिअरिंग काढून मॅन्युअल करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर स्टिअरिंगची गाडी मॅन्युअल करता येते का?

येते, पण कुठली गाडी आणि कुठल्या प्रकारची पॉवर यावर सगळं अवलंबून आहे. पंप, बेल्ट आणि ऑइलवर चालणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर काम मेहनतीचं पण सरळ आहे. मोटरवर चालणारं इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर बहुतेकांनी या भानगडीत पडू नये. कारणं पुढे दिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण निम्मे प्रश्न तिच्यातूनच निघतात: नुसती पॉवर काढल्यावर हातात उरतं ते बंद पडलेलं पॉवर स्टिअरिंग. त्याचं मॅन्युअल करायला आणखी बरंच काही करावं लागतं.

मुळात लोक हे करतात कशासाठी?

कोणाला रस्ता हाताला लागायला हवा असतो. कोणी जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलेलं असतं आणि पंपाला जागाच उरलेली नसते. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचं ऑइल तापून उकळतं, टाकीच्या झाकणातून बाहेर येतं, आणि ते वैतागतात. पंप, पाइप, टाकी आणि ऑइल निघालं की पुढच्या चाकांवरचं काही किलो वजन कमी होतं, हेही खरं.

पण सगळ्यात जास्त विचारणा येते ती गळतीमुळे. रॅक (व्हीलचं फिरणं चाकांपर्यंत पोहोचवणारी दातांची दांडी आणि तिची नळी) गळतोय, नवा महाग आहे, मग पॉवरच काढून टाकू. हे कारण मला पटत नाही. बऱ्याचदा गळती होजच्या क्लॅम्पपाशी, प्रेशर होजच्या जोडावर किंवा पंपाच्या शाफ्ट सीलपाशी असते आणि रॅकला उगाच दोष लागतो. आधी सगळं पुसून घ्या, इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि खाली टॉर्च घेऊन बघा. रॅकच्या टोकांवरचे रबरी बूट दाबून पाहा. आत ऑइल साठलेलं जाणवलं तर रॅकची सील गेली. बूट कोरडे असतील तर रॅक सोडून बाकीचं तपासा.

पंपाचा बेल्ट काढून टाकला तर झालं ना?

नाही. गाडी चालेल, वळेलसुद्धा, पण ती चालवणं सुखाचं नसेल. का, ते कळायला रॅकच्या आत काय चालतं ते पाहायला हवं.

हायड्रॉलिक रॅकमध्ये स्टिअरिंगकडून येणारा शाफ्ट आणि दात असलेला पिनियन (रॅकची दांडी सरकवणारं छोटं चाक) हे एकसंध नसतात. दोघांच्या मध्ये टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी सळई असते. तुम्ही व्हील फिरवता तेव्हा आधी ही सळई किंचित पिळली जाते. त्या पिळामुळे भोवतालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं दाबाखालचं ऑइल रॅकवरच्या पिस्टनच्या एका बाजूला जातं. चाकं ढकलण्याचं बरंचसं काम ते ऑइल करतं. तुमचा हात खरं तर फक्त व्हॉल्व्ह चालवत असतो.

आता पंप थांबवा. सळई पूर्वीसारखीच पिळली जाते, पण मदतीला दाब येत नाही. काही अंश फिरल्यावर शाफ्ट आतल्या धातूच्या थांब्याला टेकतो आणि तिथून पुढे पिनियन हलतो. म्हणजे मधोमध एक पोकळ, स्प्रिंगसारखा पट्टा तयार होतो. ३७ सेंटिमीटर व्यासाच्या व्हीलवर १ अंश म्हणजे कडेला सुमारे ३ मिलिमीटर. थांबा ४ अंशांवर आहे असं धरलं तरी एका बाजूला १३ मिलिमीटर रबरी हालचाल आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच. सरळ रस्त्यावर गाडी धरून ठेवताना नेमका हाच पट्टा सतत हाताला लागतो.

त्यातच पिस्टन अजून ऑइलमध्ये आहे. रॅक हलला की पिस्टनला ते ऑइल बारीक नळ्यांतून आणि व्हॉल्व्हमधून ढकलावं लागतं. हळू फिरवलं तर विरोध कमी, झटकन फिरवलं तर जास्त. अचानक काही चुकवायला जाल तेव्हाच स्टिअरिंग सगळ्यात जड लागेल. शिवाय कित्येक गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंप किंवा अल्टरनेटरही फिरवतो. तो काढून बसलात तर प्रश्न स्टिअरिंगचा राहत नाही, इंजिन तापण्याचा होतो.

मग कारखान्यातून आलेल्या मॅन्युअल स्टिअरिंगमध्ये वेगळं काय असतं?

मुख्य फरक रेशोचा. पॉवर असलेल्या गाडीत व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेऱ्यांत किंवा त्याहून कमीत जातं. मॅन्युअल गाडीत त्याला साडेतीन, चार, कधी त्याहून जास्त फेऱ्या लागतात. फेऱ्या जास्त म्हणजे दर फेरीला चाकं कमी वळतात, आणि त्या बदल्यात हाताला कमी जोर लागतो. मॅन्युअल रॅकच्या पिनियनला दात कमी असतात, शाफ्ट आणि पिनियन एकच तुकडा असतो, आत ना पिस्टन ना ऑइल, नुसतं ग्रीस. चाकांची भूमितीही हलक्या हाताचा विचार करून ठेवलेली असते. पॉवरचा जलद रॅक तसाच ठेवून मदत तेवढी काढली, तर मॅन्युअलचा जडपणा तुमच्या वाट्याला येतो आणि मॅन्युअलची सोय येत नाही.

किती पर्याय आहेत?

तीन. पहिला, रॅकच्या पाइपांचा लूप करणं. दुसरा, तोच रॅक उघडून आतून डी-पॉवर करणं, म्हणजे पॉवरचे भाग निकामी करणं. तिसरा, त्याच मॉडेलच्या बिनपॉवरच्या आवृत्तीचा मॅन्युअल रॅक बसवणं. माझी पसंती विचाराल तर तिसरा, मिळत असेल तर डोळे झाकून. दुसरा ठीक. पहिला तात्पुरता.

लूप करणं म्हणजे नेमकं काय?

पंपाकडून येणारी आणि टाकीकडे जाणारी अशा दोन्ही लाइनी काढून रॅकची तोंडं एका होजने एकमेकांना जोडायची. रॅकच्या पिस्टनच्या दोन्ही बाजूंचं आकारमान सहसा सारखं असतं, त्यामुळे एका बाजूचं ऑइल निघून दुसऱ्या बाजूला जातं आणि आतल्या आत फिरत राहतं. काम तासाभराचं. पण सीलचं घर्षण, ऑइलचा विरोध आणि तो रबरी पट्टा, तिन्ही जिथल्या तिथे. कोणी सगळं ऑइल काढून तोंडं उघडी सोडतं. मग धूळ आणि दमट हवा आत जाते आणि रॅक गंजतो. तोंडं ऑइल भरलेलं असताना बुचाने घट्ट बंद मात्र कधीच करू नका. ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे स्टिअरिंग जागीच अडकू शकतं.

रॅक डी-पॉवर करताना आत काय काय करावं लागतं?

रॅक गाडीतून काढून टेबलावर घ्यायचा. टाय रॉड (रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दांड्या) आणि बूट काढायच्या आधी टाय रॉड एंडचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून लिहून ठेवा. गाडी अलाइनमेंटपर्यंत नेताना ते उपयोगी पडतं. मग पिनियन, व्हॉल्व्ह हाउसिंग आणि रॅकची दांडी बाहेर काढायची.

दांडीच्या मध्यावर पिस्टन दिसेल आणि त्याच्या खाचेत टेफ्लॉनची रिंग. तिच्या खाली बहुतेक वेळा एक ओ-रिंग असते. दोन्ही कापून काढा. यामुळे पिस्टन आणि नळी यांच्यामध्ये फट राहते आणि हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला मोकळी जाते. पिस्टन लेथवर उतरवायची काही गरज नसते. पिनियनच्या बाजूचं आतलं ऑइल सीलही काढता येतं. आता तिथे अडवायला ऑइलच नाही आणि ते उगाच घर्षण वाढवतं. दुसऱ्या टोकाच्या बुशला मात्र हात लावू नका. दांडी एका टोकाला पिनियन आणि योक (दांडीला मागून दाबणारा ठोकळा) यांच्यामध्ये धरलेली असते, दुसऱ्या टोकाला त्या बुशवर टेकते. बुश काढलं तर दांडी वर-खाली होणार.

जुनं ऑइल पूर्ण धुऊन काढा. दातांना, बुशला आणि दांडीच्या सगळ्या लांबीला चांगलं ग्रीस लावा. आधी या बाजूला वंगणाचं काम ऑइलच करत होतं, हे विसरलं की रॅक वर्षभरात करकरायला लागतो. बाहेरच्या पाइपांची भोकं धूळ अडेल पण हवा जाईल अशा बुचांनी झाका.

शेवटी योकचा नट. हा रॅकला पिनियनवर दाबून धरतो. जास्त आवळला तर वळणानंतर व्हील परत येत नाही. सैल राहिला तर खड्ड्यात खडखड ऐकू येते. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला टॉर्क आणि नंतर किती मागे सोडायचा तो कोन, दोन्ही पाळा. अंदाजाने करायची ही जागा नव्हे.

आणि तो टॉर्शन बारचा प्ले, म्हणजे मधली रबरी हालचाल?

तो घालवायला शाफ्ट आणि पिनियनची बाही एकमेकांना वेल्ड करतात. वाइसमध्ये मऊ जबड्यांत पिनियन धरून वरचा शाफ्ट हाताने पिळून पाहा, किती फिरतो ते डोळ्यांनी दिसेल. वेल्ड करताना सळई बरोबर मध्यावर हवी, नाहीतर व्हील कायमचं वाकडं. बेअरिंग आणि सील आधी काढून ठेवायची, उष्णता कमी ठेवायची, आणि वेल्ड टिग (आर्गॉन) पद्धतीने अशा माणसाकडून करून घ्यायचा ज्याचं रोजचं कामच कडक पोलाद जोडण्याचं आहे. गेटला पट्ट्या जोडणाऱ्याकडे हे काम नेऊ नका.

असा वेल्ड सुरक्षित असतो का?

नीट केलेला टिकतो, ट्रॅकच्या गाड्यांत सर्रास दिसतो. तरी दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, वेल्ड तडकला तरी मूळचे धातूचे थांबे शाबूत असतील तर स्टिअरिंग हातातून पूर्ण जात नाही, प्ले परत येतो. म्हणून ते थांबे घासून काढू नका. दोन, आता सगळा जोर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि पिनियनच्या दातांतून जातो. आधी त्यातला मोठा वाटा पिस्टन उचलायचा. कॉलमचा जॉइंट किंवा रबर कपलिंग थोडंसं झिजलेलं असेल तर ते आता स्पष्ट जाणवेल. बदलायचंच असेल तर सगळं उघडलेलं असताना बदला.

मॅन्युअल रॅक आणायचा तर काय काय जुळायला हवं?

फ्रेमवरचे बोल्ट, पिनियन शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा), कॉलमची लांबी, टाय रॉडचे आटे आणि त्यांची लांबी. शेवटचं लोक विसरतात. टाय रॉडच्या आतल्या सांध्याची जागा बदलली किंवा रॅक वर-खाली बसला, तर चाक उसळलं की ते आपोआप थोडं वळतं आणि खडबडीत रस्त्यावर गाडी आपली आपण इकडे-तिकडे जाते. त्याच मॉडेलचा, त्याच पिढीचा रॅक असेल तर ही कटकट सहसा येत नाही. डावीकडून चालवायच्या आणि उजवीकडून चालवायच्या गाडीचे रॅक एकमेकांना चालत नाहीत, हे ऑनलाइन मागवताना लक्षात असू द्या.

माझ्या गाडीला रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स आहे. मग?

मग काम उलट सोपं. जुन्या जीप आणि मोठ्या मोटारींच्या रीसर्क्युलेटिंग बॉल (आत पोलादी गोळ्यांवर चालणाऱ्या) बॉक्सची मॅन्युअल आवृत्ती बऱ्याचदा मिळते. अख्खा बॉक्स बदला. पिटमन आर्मचे (बॉक्सबाहेरच्या, चाकांकडच्या दांड्या हलवणाऱ्या तरफेचे) स्प्लाइन आणि त्याची लांबी जुळते का पाहा. रेशो बराच हळू असतो, फेऱ्या मोजून दमाल, पण व्हील हाताने फिरतं.

गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. फ्यूज काढला तर?

करू नका. १९८८ साली सुझुकीने सर्व्हो या छोट्या मोटारीत इलेक्ट्रिक मदत आणली, तेव्हा ती एक सुटी सोय होती. आजच्या गाडीत ती बाकीच्या यंत्रणांशी जोडलेली आहे. व्हील किती वळलं हे सांगणारा सेन्सर तिथेच किंवा तिच्याच आसपास असतो आणि घसरण रोखणारी यंत्रणा त्यावर चालते. लेन सांभाळणं, आपोआप पार्किंग हे तर सरळ त्याच मोटरने होतं. फ्यूज काढला की डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि यातलं काय काय बंद पडलं हे गाडीगणिक वेगळं.

जडपणाचं म्हणाल तर मोटर बंद असली तरी ती तुमच्या हाताला चिकटलेलीच असते. कॉलमवरच्या मोटरला वर्म गिअर असतो, रॅकवरच्या मोटरला बॉल स्क्रू आणि बेल्ट. व्हील फिरवताना ते सगळं तुम्ही उलट्या दिशेने फिरवता. वळणानंतर व्हील मध्यावर आणायलाही हीच मोटर मदत करत होती; आता ते अर्ध्यावर रेंगाळतं. एकच सरळ वाट आहे: त्याच मॉडेलची बिनपॉवरची आवृत्ती निघाली असेल तर तिचा कॉलम आणि रॅक दोन्ही आणणं. तेही जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीतच.

किती जड होईल? रोज चालवता येईल का?

चालत्या गाडीत फरक वाटतो त्यापेक्षा कमी. ताशी २०-३० किलोमीटरच्या वर बहुतेक हलक्या गाड्या आरामात वळतात. खरा घाम निघतो तो उभ्या गाडीत, पार्किंगमध्ये.

पुढच्या चाकांवर वजन किती आणि टायर किती रुंद, यावर उत्तर ठरतं. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसला पॉवर नव्हती आणि कोणी तक्रार केली नाही, कारण इंजिन मागे आणि पुढचे टायर अरुंद. पोर्शे ९११ ला १९८९ मध्ये आलेल्या ९६४ पिढीपर्यंत पॉवर मिळाली नव्हती. तिथेही इंजिन मागेच. फेरारी एफ४० चंही तेच. पुढे जड डिझेल इंजिन आणि रुंद टायर असलेल्या गाडीवर हा प्रयोग करून त्याच अनुभवाची अपेक्षा ठेवू नका. अशा गाडीला मी स्पष्ट नाही म्हणेन. घरातलं कोणी म्हातारं किंवा खांदा दुखणारं माणूस तीच गाडी चालवत असेल, तरीही नाहीच.

जडपणा कमी कसा करायचा?

पहिलं आणि फुकटचं: टायरमधली हवा. कमी हवेचं चाक फिरवून पाहा आणि मग कंपनीने सांगितलेली हवा भरून फिरवा, फरक लगेच कळेल. दुसरं, पुढचे टायर एक माप अरुंद. तिसरं, बॉल जॉइंट आणि स्ट्रटवरची बेअरिंग. तिथलं घर्षण आजवर पंप लपवत होता.

कॅस्टरबद्दल, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने पाहिल्यावर मागे किती झुकलाय याबद्दल, बरेच जण विचारतात. पॉवरच्या गाडीत कॅस्टर मुद्दाम जास्त ठेवलेला असतो: गाडी सरळ धरते, व्हील झटकन परत येतं, आणि त्यामुळे येणारा जडपणा पंप खाऊन टाकतो. पंप गेल्यावर कॅस्टर थोडा कमी केला तर हात हलका होतो. पण फार कमी केलात तर महामार्गावर गाडी तरंगल्यासारखी वाटते. अर्ध्या-अर्ध्या अंशाने जा आणि दर वेळी चालवून पाहा.

मोठं व्हील बसवलं तर सरळ तरफेचा फायदा मिळतो. ३५० मिलिमीटरचं काढून ३८० चं लावलं तर कडेवर सुमारे ८ टक्के कमी जोर लागतो. मात्र मूळ व्हीलमध्ये एअरबॅग असेल तर तो विचार सोडा. ८ टक्क्यांसाठी एअरबॅग घालवायची नसते.

इंजिनाच्या बाजूला काय बदलावं लागतं?

पंपाचा वेगळा बेल्ट असेल तर तो काढला की संपलं. एकच लांब बेल्ट असेल तर पंपाच्या जागी आयडलर पुली (नुसती मोकळी फिरणारी) बसवा किंवा छोटा बेल्ट शोधा. छोट्या बेल्टने वॉटर पंपाच्या पुलीला पूर्वीइतका विळखा पडतो का, आणि ती उलटी तर फिरत नाही ना, हे तपासा. काही गाड्यांत प्रेशर लाइनवर एक स्विच असतो. स्टिअरिंग वळताना आयडल थोडं वाढवायला तो इंजिनाच्या संगणकाला सांगतो. तो सोडून ठेवला तर बहुतेक जुन्या गाड्यांना काही फरक पडत नाही. वायरचं टोक झाकून बांधून ठेवा.

मायलेज वाढेल का?

वाढेल, पण डोळ्यात भरेल इतकं नाही. पंप सरळ रस्त्यावरही फिरत राहतो आणि थोडी ताकद खातो, एवढंच वाचतं.

कायद्याचं आणि विम्याचं काय?

स्टिअरिंग हा सुरक्षिततेचा भाग असल्याने बहुतेक ठिकाणी अशा बदलाला तपासणी किंवा मंजुरी लागते. नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे काम सुरू करण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारा. संयुक्त राष्ट्रांचा स्टिअरिंगबद्दलचा नियम क्रमांक ७९ बोलका आहे: प्रवासी मोटारीत ताशी १० किलोमीटरला वळताना सगळं ठीक असेल तर जास्तीत जास्त १५० न्यूटन जोर चालतो, मदत बंद पडली असेल तर ३०० न्यूटन, आणि तेव्हा वळणही मोठं धरलेलं असतं. ३०० न्यूटन म्हणजे जवळपास ३० किलो उचलण्याइतका जोर. ही सवलत गाडी सुरक्षित बाजूला घ्यायला दिलेली आहे. बेल्ट काढून रोज फिरणारे याच सवलतीत राहत असतात.

काम झाल्यावर रस्त्यावर नेण्याआधी काय तपासायचं?

पुढची दोन्ही चाकं वर उचलून, स्टँडवर ठेवून, व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे अडकतं का, दाते खटकतात का, बूट पिळले जातात का ते बघा. एकूण फेऱ्या मोजा, निम्म्यावर मध्य धरा, आणि त्या मध्याला व्हील सरळ आहे ना पाहा. एअरबॅगची गाडी असेल तर व्हीलखालची क्लॉक स्प्रिंगही (एअरबॅगची वायर जोडलेली ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) त्याच मध्यावर हवी. चुकली तर पूर्ण वळवताना तिची पट्टी तुटते. चाकं दोन्ही बाजूंना सारखी वळतात का, टायर कुठे घासतो का हे खाली टेकवून बघा. मग हळू चालवत थेट अलाइनमेंटला. आठवड्याभराने रॅकचे बोल्ट, टाय रॉडचे चेक नट आणि कॉलमच्या जॉइंटचा बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.

चालवण्याची सवय बदलावी लागते का?

एकच: उभ्या गाडीत व्हील फिरवायचं नाही. चाक जरा जरी सरकत असलं तरी जोर निम्म्याहून कमी लागल्यासारखा वाटतो. गाडी हलू द्या, मग वळवा. टायर आणि टाय रॉडही जास्त टिकतात.

नाही जमलं तर पॉवर परत बसवता येईल का?

मॅन्युअल रॅक लावला असेल आणि जुना रॅक, पंप, ब्रॅकेट, होज सगळं जपून ठेवलं असेल तर हो. होज आणि पोर्टांची तोंडं काढल्या काढल्या बुचं लावून बंद करा. कचऱ्याचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर परत बसवल्यावर स्टिअरिंग एका बाजूला आपोआप ओढू शकतं. ब्रॅकेटचे बोल्ट ज्या त्या ब्रॅकेटलाच परत लावून ठेवा. लूप केलेला रॅकही नवं ऑइल भरून, हवा काढून परत चालतो. टेफ्लॉन रिंग कापलेला रॅक सीलचं पूर्ण किट घालून वाचतो. वेल्ड केलेला पिनियन मात्र गेलाच, त्याला दुसरा व्हॉल्व्ह आणि पिनियनचा जोड शोधावा लागतो, आणि तेवढ्या पैशात बऱ्याचदा अख्खा वापरलेला रॅक मिळतो.